रोख भरणा, बँकेची विचारणा आणि दहशतवादाला मिळणारा पैसा

एका घाऊक व्यापाऱ्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी एका महिन्यात चार वेळा मिळून अकरा लाखांहून थोडी अधिक रोख रक्कम चालू खात्यात भरली, त्यातला एकही भरणा चार लाखांच्या वर नव्हता, तरीही शाखेतून दूरध्वनी आला आणि पैशांचा स्रोत विचारण्यात आला. त्यांच्या आईंच्या निवृत्तिवेतनाच्या खात्याचे केवायसी तीन वर्षांत दोनदा मागितले गेले. विचारणा केल्यावर ‘मनी लाँडरिंग आणि दहशतवादाचा पैसा रोखण्यासाठी सरकारचे नियम आहेत’ एवढेच उत्तर मिळाले. त्यावर त्यांचा सवाल आहे, की ज्यांना पैसा पोहोचायचा त्यांना तो पोहोचतोच आहे, मग या साऱ्या खटाटोपाचा उपयोग आहे, की हा केवळ सरळमार्गी खातेदारांना होणारा जाच आहे?

मी वीस वर्षांहून अधिक काळ बँकेच्या मनी लाँडरिंग प्रतिबंध कक्षात काम केले आणि शेवटची काही वर्षे कायद्यानुसार नेमलेला ‘प्रिन्सिपल ऑफिसर’ म्हणून संशयास्पद व्यवहारांचे अहवाल माझ्या सहीने गेले. त्यामुळे या प्रश्नाकडे मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहतो, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या मते या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत: आपल्याला विचारणा का झाली, आणि दहशतवादाचा पैसा अशा विचारणांनी थांबतो का. पहिल्याचे उत्तर नियमात आहे. दुसऱ्याचे उत्तर ‘थांबणे’ या शब्दाचा अर्थ आपण काय घेतो यावर अवलंबून आहे.

सुरुवात दुसऱ्यापासून करतो, कारण घोळ तिथेच आहे. मनी लाँडरिंग आणि दहशतवादाला अर्थपुरवठा हे दोन गुन्हे कायद्यात आणि वर्तमानपत्रात नेहमी जोडीने येतात, पण पैशाच्या प्रवासाची दिशा दोहोंत उलटी असते. मनी लाँडरिंगमध्ये पैसा मुळातच गुन्ह्यातून आलेला असतो, लाचेतून, फसवणुकीतून, अमली पदार्थांच्या विक्रीतून, आणि साऱ्या उलाढालीचा हेतू त्याचा उगम पुसून टाकण्याचा असतो. दहशतवादाच्या पैशात उगम अनेकदा निर्मळ असतो, म्हणजे पगारातून दिलेली वर्गणी, दुकानाचा नफा, परदेशातील नातेवाइकाने पाठवलेली रक्कम. तिथे लपवायचे असते ते पैसा कुठे जाणार आहे हे. पहिल्या गुन्ह्यात तपासणारा मागे पाहतो, दुसऱ्यात त्याला पुढे पाहावे लागते, आणि बँकेचे संगणक मागे पाहण्यात जितके तरबेज असतात तितके पुढे पाहण्यात नसतात.

दुसरा फरक रकमेचा आहे. अमेरिकेवरील ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांच्या चौकशी आयोगाने त्या कटाचा खर्च चार ते पाच लाख डॉलर असा काढला. ती रक्कम बरीचशी साध्या बँक खात्यांतून आणि तारेने पाठवलेल्या पैशांतून फिरली आणि त्या वेळच्या नजरेला त्यात खटकण्याजोगे फारसे काही नव्हते. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात हल्लेखोर आणि त्यांचे सूत्रधार यांच्यातील संभाषणासाठी इंटरनेटवरून चालणारी दूरध्वनी सेवा वापरली गेली. ती सुरू करण्यासाठीचे सुमारे सव्वादोनशे डॉलर हल्ल्याच्या आदल्या दिवशी इटलीतील ब्रेशा शहरातल्या एका पैसे पाठवण्याच्या केंद्रातून, भलत्याच व्यक्तीची ओळख वापरून पाठवण्यात आले होते, असे इटलीच्या पोलिसांनी नोव्हेंबर २००९ मध्ये दोघांना अटक करताना सांगितले. सव्वादोनशे डॉलरच्या व्यवहारावर धोक्याची घंटा वाजेल अशी यंत्रणा जगात कुठेही नाही, आणि तशी बसवली तर दिवसाला कोट्यवधी घंटा वाजतील. तेव्हा ‘पोहोचायचा तो पैसा पोहोचतो’ हे आपले म्हणणे मी खोडून काढणार नाही.

मग हे दोन गुन्हे एकाच दावणीला का बांधले गेले? त्याला इतिहास आहे. १९८९ मध्ये पॅरिस येथील जी-७ परिषदेत ‘फायनान्शियल ॲक्शन टास्क फोर्स’ म्हणजे एफएटीएफ हा देशांसाठी निकष ठरवणारा आणि त्यांचे पालन तपासणारा आंतरराष्ट्रीय गट स्थापन झाला तो अमली पदार्थांच्या पैशाचे धुणे रोखण्यासाठी. २००१ च्या हल्ल्यांनंतर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १३७३ केला आणि दहशतवादाला पैसा पुरवणे हा गुन्हा ठरवणे सर्व देशांवर बंधनकारक झाले. त्याच ऑक्टोबरमध्ये एफएटीएफने आपल्या जुन्या शिफारशींना दहशतवादाच्या पैशाविषयीच्या खास शिफारशी जोडल्या. म्हणजे मोठ्या रकमा पकडण्यासाठी विणलेले जाळे हाताशी होते, त्यातच बारीक मासे पकडण्याचे काम भरले गेले. नवे जाळे विणायला वेळ नव्हता. बँकांकडे नोंदी होत्या, कर्मचारी होते आणि परवाना जाण्याची भीती होती, त्यामुळे सर्वच सरकारांना हा मार्ग सोयीचा वाटला.

भारतात मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा २००२ चा असला तरी तो लागू झाला १ जुलै २००५ पासून. दरम्यान नोव्हेंबर २००४ मध्ये केंद्र सरकारने अर्थ मंत्रालयाच्या अखत्यारीत, बँकांकडून येणारे अहवाल गोळा करून तपासणारे ‘फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट’ उभे केले. दहशतवादाच्या पैशाचा मुख्य गुन्हा मात्र दुसऱ्या कायद्यात, १९६७ च्या बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे यूएपीएमध्ये आहे. त्याच्या कलम १७ खाली दहशतवादी कृत्यासाठी निधी उभारणाऱ्याला किमान पाच वर्षे ते जन्मठेप एवढी शिक्षा होऊ शकते, आणि २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ५१अ खाली सरकार यादीतील व्यक्तींची व संघटनांची मालमत्ता गोठवू शकते. यूएपीएचे हे गुन्हे मनी लाँडरिंग कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे तो कायदा ज्या मूळ गुन्ह्यांच्या पैशाला लागू होतो त्यांच्या यादीत, असल्यामुळे एकाच घटनेत राष्ट्रीय तपास यंत्रणा मूळ गुन्हा तपासते आणि सक्तवसुली संचालनालय, म्हणजे ईडी, पैशामागे जाते. भारत २०१० मध्ये एफएटीएफचा पूर्ण सदस्य झाला, आणि त्यानंतरच्या बऱ्याच दुरुस्त्यांमागे एफएटीएफकडून होणाऱ्या पुढच्या मूल्यमापनाची तयारी हेही एक कारण होते, हे आमच्या कक्षात कोणी लपवत नसे.

आता आपल्या खात्याविषयी. नियमानुसार बँकेला दहा लाखांवरील प्रत्येक रोख व्यवहार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत युनिटला कळवावा लागतो. दहा लाखांखालचे, पण एकमेकांशी जोडलेले रोख व्यवहार एका महिन्यात मिळून दहा लाखांच्या वर गेले, तर तेही कळवावे लागतात. हे पुष्कळांना माहीत नसते आणि ‘दहा लाखांच्या आत राहिलो की सुटलो’ असा समज व्यापारी वर्तुळात पसरलेला आहे. आपण भरणे मुद्दाम तोडले नसणार, गल्ला जमेल तसा भरला असणार, पण संगणकाला चार भरणे दिसतात, हेतू दिसत नाही. एवढे मात्र लक्षात घ्यावे, की या रोख व्यवहार अहवालात आपल्यावर कोणताही आरोप नसतो. ती निव्वळ नोंद असते आणि अशा नोंदी देशभरातून सतत जात असतात.

संशयास्पद व्यवहाराचा अहवाल, ज्याला आम्ही एसटीआर म्हणतो, ही वेगळी चीज आहे. त्याला रकमेची किमान मर्यादा नाही आणि पूर्ण न झालेला, नुसता प्रयत्न केलेला व्यवहारही त्यात येतो. व्यवहाराला आर्थिक कारण दिसत नाही, गुंतागुंत विनाकारण वाढवली आहे, पैसा गुन्ह्यातला असावा किंवा दहशतवादासाठी जात असावा असा वाजवी संशय आहे, अशा वेळी तो द्यायचा. इथे यंत्र थांबते आणि माणसाचे काम सुरू होते. आमच्या प्रणालीतून सकाळी जे इशारे निघत, त्यातले बहुसंख्य दुपारपर्यंत बंद होत: घर विकले, पीककर्ज फेडले, मुलीच्या लग्नाची जमवाजमव होती. उरलेल्या मूठभर खात्यांसाठी शाखेला दूरध्वनी केला जाई, आणि आपल्याला आलेला दूरध्वनी बहुधा याच जातीचा आहे. विचारणा याचा अर्थ अहवाल जाणारच असा नाही. उलट समाधानकारक उत्तर मिळाले तर इशारा तिथेच बंद होतो.

एक खाते मला अजून आठवते. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाचे बचत खाते, वर्षभर शिल्लक दोन-अडीच हजारांच्या पुढे गेलेली नाही, आणि अचानक वेगवेगळ्या राज्यांतून पाचशे, आठशे, बाराशे रुपये येऊ लागले. आलेली रक्कम तासाभरात, मुलाच्या गावापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या एका एटीएममधून निघत होती. महिन्याची एकूण उलाढाल लाखाच्या आत होती, म्हणजे रकमेच्या कोणत्याही चाळणीतून ती सुटली असती. ती पकडली शाखेतल्या एका लिपिक बाईंनी, कारण तो मुलगा पासबुक भरायला आला तेव्हा त्याला स्वतःच्याच खात्यातील नोंदी पाहून आश्चर्य वाटले नाही, भीती वाटली. त्याने कार्ड आणि पिन महिन्याला काही रकमेच्या बोलीवर कोणाला तरी दिले होते. आम्ही अहवाल पाठवला. तो ऑनलाइन फसवणुकीचा पैसा होता, जुगाराचा होता की आणखी कशाचा, हे मला आजतागायत कळलेले नाही. भाड्याने दिलेली अशी खाती आज या क्षेत्रातील सर्वांत मोठी डोकेदुखी आहेत.

बँकेच्या नोंदींचा खरा उपयोग बहुतेक वेळा घटनेनंतर होतो, हे माझ्या कामातून माझे बनलेले मत आहे. एक आरोपी हाती लागला, की त्याच्या खात्यातून दुसरे नाव मिळते, त्या नावाच्या दूरध्वनी क्रमांकावरून तिसरे खाते मिळते. ब्रेशाच्या व्यवहाराने हल्ला थांबला नाही, पण व्यवहाराची नोंद होती म्हणून माग तिथवर पोहोचला. नोंदी पाच वर्षे जपण्याची सक्ती त्याचसाठी आहे. दहशतवादाचा पैसा ‘थांबवणे’ म्हणजे घटना घडण्याआधी रक्कम अडवणे, असा अर्थ घेतला तर यंत्रणा बहुतेकदा अपयशी दिसेल. जाळे उघडे पाडणे आणि पैसा हलवणे महाग व जोखमीचे करणे हा अर्थ घेतला तर ती बरेच काही करते. पैसा हलवणे महाग झाले, की संघटनेला मध्यस्थ वाढवावे लागतात, आणि प्रत्येक नवा मध्यस्थ म्हणजे एक नवा कच्चा दुवा.

घटनेआधी काम करणारे एक साधन म्हणजे याद्या. सुरक्षा परिषदेच्या १२६७ क्रमांकाच्या ठरावाखालील दहशतवादी व्यक्ती व संघटनांची यादी आणि यूएपीएखालील तशीच अनुसूची यांच्याशी खातेदारांची नावे पडताळायची असतात आणि ओळख निःसंशय जुळली, तर व्यवहार रोखून चोवीस तासांत गृह मंत्रालयाला कळवायचे असते. वाचायला हे सोपे आहे. प्रत्यक्षात रोमन लिपीत एकाच नावाची पाच-सहा स्पेलिंगे होतात, जन्मतारीख कधी अपुरी असते आणि निव्वळ नाव सारखे असल्यामुळे एखाद्या निरपराध माणसाचा व्यवहार दिवसभर अडकून पडतो. एका वयस्कर शिक्षकांचा व्यवहार आम्ही असाच अडकवला होता. वडिलांचे नाव आणि जन्मवर्ष पाहिल्यावर ते दुसरेच आहेत हे दहा मिनिटांत कळले, पण ती दहा मिनिटे कोणाला सापडायला संध्याकाळ झाली. त्यांची क्षमा मागायला मी स्वतः गेलो होतो.

बँकेबाहेरच्या पैशाचे काय, हा पुढचा रास्त प्रश्न. हवाल्यात पैसा देशाची सीमा ओलांडतच नाही. इथला दलाल रक्कम घेतो, तिथला दलाल आपल्या गल्ल्यातून देतो, मधे फिरतो तो फक्त निरोप. परंतु दोन दलालांचा आपसातला हिशेब कधी तरी मिटवावा लागतो, आणि तो पुष्कळदा आयात-निर्यातीच्या बिलांत किमती फुगवून वा घटवून मिटवला जातो. तेवढ्यापुरता हवालाही बँकेच्या दारात येतो. आभासी चलनांचा मार्ग बराच काळ मोकळा होता. मार्च २०२३ मध्ये त्या क्षेत्रातील सेवादारांना मनी लाँडरिंग कायद्याखाली आणले गेले. त्याच महिन्यात कंपनीचा खरा मालक ओळखण्याची मर्यादा पंचवीस टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर आणली गेली. माझ्या दृष्टीने ही त्या वर्षातली सर्वांत महत्त्वाची दुरुस्ती होती, कारण चोवीस टक्क्यांचे चार भागधारक दाखवून पाचवा माणूस पडद्याआड ठेवण्याची युक्ती आम्ही वर्षानुवर्षे हताशपणे पाहत होतो. जुलै २०२५ मधील एफएटीएफच्या अहवालाने आणखी एका दिशेकडे बोट दाखवले: २०१९ च्या पुलवामा हल्ल्यातील स्फोटकासाठी ॲल्युमिनियमची भुकटी ऑनलाइन खरेदीच्या मंचावरून मागवली गेली होती. तिथे पैसा नव्हे, वस्तूच थेट घरपोच जाते, आणि बँकेला दिसते ती फक्त एक साधी खरेदी.

यंत्रणेचा कमकुवत भाग कोणता, असे विचारले तर मी अहवाल गेल्यानंतरच्या टप्प्याकडे बोट दाखवीन. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात एफएटीएफने भारताला ‘नियमित पाठपुरावा’ या वरच्या गटात ठेवले, आणि चाळीसपैकी सदतीस शिफारशींवर कायद्याची चौकट पूर्णतः किंवा बहुतांशी अनुरूप ठरवली. त्याच अहवालात मनी लाँडरिंगचे आणि दहशतवादाच्या पैशाचे खटले निकाली निघण्यातील दिरंगाई स्पष्टपणे नोंदवली आहे. मनी लाँडरिंग कायदा कागदावर अत्यंत कडक आहे: मालमत्तेवर १८० दिवसांची तात्पुरती टाच, निर्दोषत्व दाखवण्याचा भार बऱ्याच अंशी आरोपीवर, जामिनासाठी दुहेरी अटी, म्हणजे आरोपी दोषी नसावा आणि सुटल्यावर पुन्हा गुन्हा करणार नाही, या दोन्हींबाबत न्यायालयाची खात्री पटणे. या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये वैध ठरवल्या, पण त्याच न्यायालयाला २०२४ मध्ये, या कायद्याखालीही जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद आहे, याची आठवण करून द्यावी लागली. खटला उभाच राहत नसेल तर कडक तरतूद हीच शिक्षा होऊन बसते. त्यात दोषीही भरडला जातो आणि निर्दोषही, आणि कायद्यावरचा विश्वास उणावतो तो आपल्यासारख्या सामान्य खातेदाराचा.

त्याला जोडून आणखी एक दुखणे आहे. अहवाल दिला नाही म्हणून बँकेला दंड होतो, पण निरर्थक अहवाल दिला म्हणून कोणाला दंड झालेला मी पाहिला नाही. परिणामी अधिकारी स्वतःच्या बचावासाठी कागद पाठवत राहतात. आम्ही पाठवलेल्या अहवालांपैकी किती कामाला आले हे आम्हाला क्वचितच कळत असे, आणि उत्तर न मिळणाऱ्या माणसाचा नेम कालांतराने चुकू लागतो. स्वयंसेवी संस्थांच्या बाबतीतही काहीसे असेच होते. धोका थोड्या संस्थांत असतो, पण कागदांचा भार सर्वांवर सारखा पडतो, आणि लहान संस्थेकडे तो पेलायला हिशेबनीससुद्धा नसतो.

आपल्या आईंच्या केवायसीबाबत मात्र मी बँकेची बाजू घेणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार कागदपत्रांचे नूतनीकरण अधिक जोखमीच्या खातेदारांसाठी किमान दोन वर्षांतून एकदा, मध्यम जोखमीसाठी आठ वर्षांतून आणि कमी जोखमीसाठी दहा वर्षांतून एकदा अपेक्षित आहे. निवृत्तिवेतनाचे साधे खाते सहसा कमी जोखमीत बसते. पत्ता किंवा नाव बदललेले नसताना तीन वर्षांत दोनदा मागणी होत असेल, तर पहिल्या वेळचे कागद प्रणालीत चढलेच नसावेत, किंवा खाते चुकीच्या गटात टाकलेले असावे. शाखा व्यवस्थापकांना खाते कोणत्या जोखीम गटात आहे हे लेखी विचारावे आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्यावी. गट ते उघड करतीलच असे नाही, पण लेखी विचारणेमुळे नोंद तपासली जाते असा माझा अनुभव आहे.

आपल्या चालू खात्यासाठी त्या महिन्याची विक्रीची बिले, जीएसटी विवरणपत्र आणि रोजमेळाची प्रत एका पत्रासोबत द्यावी. पत्रात रोख विक्रीचे प्रमाण किती आणि ती कोणत्या हंगामात वाढते हे दोन ओळींत लिहावे, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच हंगामात इशारा निघाला तर तो बंद करणाऱ्याला ते पत्र सापडेल. भरणे लहान तुकड्यांत करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये, कारण प्रणाली नेमकी तीच गोष्ट शोधत असते. आणि आपल्याविषयी अहवाल गेला का, असे समोरच्या कर्मचाऱ्याला विचारू नये. गेला असला तरी ते खातेदाराला सांगण्यास कायद्याने मनाई आहे, आणि न सांगितल्याबद्दल त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही.